‘बरा खड्डा’: सिड चॅप्लिनच्या युद्धविनोदी मूकपटाला मराठी पाट्या देण्याच्या नोंदी

9 जून 2025

‘द बेटर ओल’ या 1926 च्या अमेरिकी मूकपटाला मराठी पाट्या (दृश्यांच्या मध्ये संवाद लिहून दाखवणारा मजकूर) देण्याचे काम आज हाती घेतले. साताऱ्यातील आमचे छोटे चित्रपट मंडळ ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी हा मूकपट दाखवणार आहे. त्याआधी तीन कामे पुरी व्हायला हवीत: पाट्यांचे भाषांतर, त्यांची पडद्यावरील वेळ जुळवणे आणि प्रेक्षकांच्या हाती देण्यासाठी चार पानांची पुस्तिका. चित्रपटाचा स्वामित्वहक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो आणि अमेरिकेतही 1926 चे चित्रपट 2022 च्या 1 जानेवारीला सर्वांसाठी खुले झाले. त्यामुळे परवानगीचा प्रश्न आड येत नाही.

वॉर्नर ब्रदर्सने काढलेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शन चार्ल्स रीसनर याचे आहे आणि पटकथेत त्याच्यासोबत डॅरिल झानक याचा वाटा आहे. नायकाच्या भूमिकेत सिडनी उर्फ सिड चॅप्लिन आहे. तो चार्ली चॅप्लिनचा थोरला भाऊ. आई एकच, वडील वेगळे. मंडळात चित्रपटाचे नाव सांगितल्यावर कोणाच्याच चेहऱ्यावर ओळख दिसली नाही, आणि नायकाचे नाव सांगितल्यावर सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, की चार्ली यात आहे का. चार्ली यात नाही.

12 जून 2025

चित्रपटाआधी त्यातले पात्र समजून घेणे भाग आहे, कारण चित्रपटाचा नायक ओल्ड बिल हे पात्र सिडचे नव्हे. ते ब्रूस बेर्न्सफादर या व्यंगचित्रकाराचे आहे. त्याचा जन्म 1887 मध्ये तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील मरी या थंड हवेच्या गावी, लष्करी घराण्यात झाला. पहिल्या महायुद्धात तो रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटचा अधिकारी म्हणून बेल्जियमच्या खंदकांत होता. 1914 च्या नाताळात दोन्ही बाजूंचे सैनिक खंदकांबाहेर येऊन एकमेकांना भेटले, तेव्हा तोही तेथे होता. एप्रिल 1915 मध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत तोफगोळ्याच्या स्फोटाने त्याला जबर धक्का बसला आणि त्याच्या कानांना इजा झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘द बायस्टँडर’ या साप्ताहिकात त्याचे सर्वात गाजलेले चित्र छापले गेले. रात्रीची वेळ आहे, चहूबाजूंनी गोळे फुटत आहेत आणि एका गोळ्यानेच पडलेल्या खड्ड्यात दोन सैनिक गळ्यापर्यंत रुतून बसले आहेत. तरुण सैनिक त्रासलेला दिसतो. झुबकेदार मिशांचा प्रौढ सैनिक, म्हणजेच ओल्ड बिल, त्याला म्हणतो, की याहून चांगला खड्डा ठाऊक असेल तर तिकडे जा.

चित्राखालची ही एक ओळ इंग्रजी बोलणाऱ्या सैन्यात म्हणीसारखी पसरली. 1917 मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड म्युझिक हॉलमध्ये ‘द बेटर ओल’, म्हणजे ‘याहून चांगला खड्डा’, याच नावाचे संगीत नाटक आले आणि त्याचे 800 हून अधिक प्रयोग झाले. 1918 मध्ये त्यावर ब्रिटिश मूकपटही निघाला. युद्धात सैनिकांची ने-आण करण्यासाठी लंडनच्या रस्त्यांवरून फ्रान्सला गेलेल्या बसगाड्यांपैकी एक आज इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात जपलेली आहे. तिचे नाव ‘ओल बिल’ असे आहे. सिडकडे ही भूमिका आली तेव्हा ओल्ड बिल अकरा वर्षांचा, घराघरांत ठाऊक असलेला माणूस होता. म्हणजे सिडला नवे पात्र घडवायचे नव्हते. लोकांच्या डोळ्यांसमोर असलेल्या चित्राला फक्त चालतेबोलते करायचे होते. माझ्या मते हे काम अधिक अवघड आहे.

17 जून 2025

मूळ वाक्यातली गंमत अशी आहे की ते अशुद्ध इंग्रजीत आहे. ‘होल’मधला ‘ह’ बिल उच्चारत नाही, क्रियापदाचे रूपही चुकीचे वापरतो, आणि यावरूनच तो लंडनच्या कष्टकरी वस्तीतला माणूस आहे हे वाचणाऱ्याला कळते. पहिल्या खर्ड्यात मी लिहिले होते, ‘याहून चांगला खड्डा तुला माहीत असेल, तर तिकडे जा.’ ही ओळ मोठ्याने वाचली आणि लगेच खोडली. ती एखाद्या शाळामास्तराच्या तोंडी शोभेल. चिखलात बसून पाइप ओढणाऱ्या शिपायाच्या तोंडी शोभणार नाही.

दुसरा खर्डा असा झाला: ‘ह्याच्यापरास बरा खड्डा ठावं आसंल, तर जा की तकडं.’ बिलला साताऱ्याकडची बोली द्यावी हा विचार केवळ आमचे गाव सातारा आहे म्हणून आलेला नाही. या जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे पलटणीत गेली आहेत. अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द जोडला गेला आहे आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जण कामी आले. आमच्या प्रेक्षकांना सैनिकाची बोली म्हटल्यावर जो आवाज आठवेल, तो याच मातीतला असणार.

मात्र एक पथ्य मी स्वतःला घालून घेतले आहे. आपल्याकडच्या अनेक नाटका-चित्रपटांत ग्रामीण बोली बोलणारा माणूस हसण्यासाठीच आणला जातो. ओल्ड बिल तसा नाही. त्या खड्ड्यात सर्वात शहाणा माणूस तोच आहे आणि परिस्थिती नेमकी काय आहे हे त्यालाच पुरते कळलेले आहे. म्हणून बोली द्यायची. पण शब्दांची मोडतोड करून हशा मिळवायचा नाही.

21 जून 2025

मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांना खर्डा वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, “अहो, गोळे पडत असताना एवढं लांब कोण बोलतंय? माणूस दोन शब्दांत उत्तर देतो आणि पुन्हा खाली मुंडी घालतो.” मग त्यांनी स्वतःच वाक्य सांगितले: ‘दुसरा बरा खड्डा गावला, तर जा की.’

‘ठावं आसंल’च्या जागी ‘गावला’ आल्याने अर्थ किंचित सरकतो. मूळ वाक्यात तरुणाला ठाऊक असलेल्या खड्ड्याची गोष्ट आहे, काकांच्या वाक्यात सापडणाऱ्या खड्ड्याची. पण शेवटच्या ‘जा की’मध्ये राग, माया आणि कंटाळा हे तिन्ही एकदम उतरले आहेत आणि मूळ ओळीतही नेमके हेच मिश्रण आहे. वाक्य जसेच्या तसे स्वीकारले. चित्रपटाचे मराठी नावही यातूनच निघाले: ‘बरा खड्डा’. ‘उत्तम’ नव्हे, ‘चांगला’ही नव्हे; त्यातल्या त्यात बरा.

28 जून 2025

हुद्द्यांचा प्रश्न दोन दिवस अडून होता. भारतीय पायदळात सार्जंटच्या बरोबरीचा हुद्दा हवालदाराचा आणि कॉर्पोरलच्या बरोबरीचा नाईकाचा. काकांचे मत होते की हवालदार, नाईक हेच शब्द वापरावेत, कारण ते लगेच कळतात. मला ते पटले नाही. पडद्यावर ब्रिटिश गणवेश, फ्रान्समधले खेडे आणि जर्मन शिरस्त्राणे दिसत असताना पाटीवर ‘हवालदार’ वाचले, तर प्रेक्षक क्षणभर गोंधळेल आणि विनोदी चित्रपटाला तो क्षण परवडत नाही. शेवटी सार्जंट, कॉर्पोरल, मेजर हे शब्द तसेच ठेवले. त्यांच्या तोंडची भाषा मात्र हुद्द्याप्रमाणे बदलायची असे ठरले. अधिकारी नागरी, घोटीव मराठी बोलतील. बिल आणि त्याचा सोबती आल्फ आपल्या बोलीत बोलतील. कथानकासाठीही हे उपयोगी आहे, कारण पलटणीचा मेजरच जर्मनांचा हेर असून गावातल्या खानावळवाल्याशी त्याचे संधान आहे, ही गोष्ट कथेच्या मुळाशी आहे. सर्वात शुद्ध भाषा बोलणारा माणूस सर्वात मोठा फितूर निघतो, हे मराठी पाट्यांतूनही दिसले पाहिजे.

‘ट्रेंच’ला खंदक, ‘स्पाय’ला हेर, कोर्टमार्शल तसेच.

5 जुलै 2025

आज वेळेच्या जुळवणीला बसलो आणि या चित्रपटाचे खरे वेगळेपण हाताला लागले. ‘द बेटर ओल’ मूकपट असला तरी मुका नाही. वॉर्नर ब्रदर्सच्या व्हिटाफोन पद्धतीने ध्वनी जोडलेला हा दुसरा मोठा चित्रपट. पहिला ‘डॉन वॉन’ ऑगस्ट 1926 मध्ये आला आणि पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात हा लागला. पात्रे बोलत नाहीत, संवाद पाट्यांवरच येतात. पण वाद्यवृंदाचे संगीत आणि काही आवाज चित्रपटासोबतच तबकड्यांवर मुद्रित केलेले आहेत. उद्घाटनाच्या खेळाला याच पद्धतीने तयार केलेले लघुपट जोडले होते आणि त्यांतल्या एकात अल जोल्सन गायला होता. त्याच जोल्सनचा, पडद्यावर संवाद ऐकवणारा ‘द जॅझ सिंगर’ पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आला आणि मूकपटांचे दिवस भरत आले.

व्हिटाफोनची तबकडी 16 इंच व्यासाची असे आणि मिनिटाला 33⅓ फेरे घेई. ग्रामोफोनच्या नेहमीच्या तबकडीपेक्षा ती उलटी चाले: सुई आतल्या कडेला ठेवायची आणि ती बाहेर सरकत जायची. एका तबकडीवर सुमारे अकरा मिनिटांचा आवाज मावे, म्हणजेच एक हजार फुटांच्या एका रिळाइतका. रिळाच्या सुरुवातीला एक खुणेची चौकट (फिल्मवरचे एक सुटे चित्र) आणि तबकडीवर एक बाण असे. दोन्ही जागी बसवून यंत्र सुरू केले की चित्र आणि आवाज बरोबर चालत. सुईने चरे झिजत असल्यामुळे एक तबकडी साधारण वीस खेळांपुरतीच वापरायची आणि प्रत्येक खेळानंतर तिच्या कागदी पट्टीवर खूण करायची, असा नियम होता.

आमच्या कामाशी याचा थेट संबंध आहे. चालवताना फिल्म तुटली, तर एरवी ऑपरेटर खराब तुकडा कापून टाकी आणि दोन टोके जोडून देई. व्हिटाफोनमध्ये ते चालत नसे. जेवढ्या चौकटी गेल्या तेवढ्याच काळ्या चौकटी जोडाव्या लागत, नाहीतर तेथून पुढे सारे रीळ आवाजापासून सरकत जाई. तोच नियम शंभर वर्षांनी मला लागू होतो. निव्वळ मूक प्रत असती, तर मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून इंग्रजी पाटी पडद्यावर दोन सेकंद अधिक ठेवता आली असती. येथे तसे केले, तर संगीताचा ठेका चुकेल आणि ढोल वाजेल तेव्हा कोणी पडलेलेच नसेल. म्हणून मराठी मजकूर पाटीसोबत सुरू करायचा, दोन ओळींच्या वर न्यायचा नाही आणि अगदी गरज पडली तरच पाटी गेल्यावर अर्धा सेकंद पुढच्या चित्रावर राहू द्यायचा. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये 1913 साली एकाहून अधिक भाषांत पाट्या होत्या, दोन भाषांचे प्रेक्षक एकाच पडद्यासमोर बसवण्याची ही कसरत आपल्याकडे चित्रपटाइतकीच जुनी आहे.

11 जुलै 2025

एक चूक सापडली आणि चार दिवसांचे काम पुन्हा करावे लागणार आहे. आम्हाला मिळालेली प्रत सेकंदाला 25 चौकटींच्या गतीने बनवलेली आहे. मूळ चित्रपट तबकडीशी बांधलेला असल्याने सेकंदाला 24 चौकटींचाच आहे. इतर अनेक मूकपटांच्या बाबतीत खरी गती कोणती यावर वाद होतात, तसा वाद येथे नाही. एका चौकटीचा हा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण त्यामुळे तासाभराचा भाग दोन मिनिटे 24 सेकंद आधीच संपतो आणि संगीताची पट्टीही चढते. पेटी वाजवणाऱ्या सहकाऱ्याच्या कानाला ती चढी पट्टी आधी खटकली. माझ्या घड्याळाला नंतर. प्रत 24 वर आणली. सर्व पाट्यांच्या वेळा त्याच प्रमाणात ताणल्या आणि एकेक पाटी डोळ्यांनी तपासायला घेतली.

19 जुलै 2025

पुस्तिकेसाठी सिडचे चरित्र लिहीत आहे.

सिडचा जन्म लंडनचा, 16 मार्च 1885 चा. चार्ली त्याच्याहून चार वर्षांनी लहान. आई हॅना ही रंगभूमीवरची गायिका. तिची प्रकृती आणि मिळकत दोन्ही ढासळल्यावर 1896 मध्ये ही दोन्ही मुले निराधार गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात दाखल झाली. सिडला तेथून ‘एक्समाउथ’ या प्रशिक्षण जहाजावर पाठवले गेले आणि पुढे तो प्रवासी जहाजांवर नोकरी करून घरी पैसे आणू लागला. 1906 मध्ये तो फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक मंडळीत शिरला आणि दोन वर्षांनी त्याच्याच खटपटीने चार्लीला तेथे काम मिळाले. 1914 च्या अखेरीस चार्लीने कीस्टोन ही चित्रपट कंपनी सोडली, तेव्हा सिड तेथे आला. थोड्याच काळात त्याने कॅमेऱ्यासमोरचे काम बाजूला ठेवून भावाचे व्यवहार हाती घेतले. 1916 चा म्युच्युअल कंपनीशी झालेला वर्षाला 6,70,000 डॉलरचा करार आणि 1917 चा फर्स्ट नॅशनलशी झालेला दहा लाख डॉलरचा करार, या दोन्हींमागे सिडची व्यवहारबुद्धी होती. 1919 मध्ये त्याने विमान कंपनीही काढली. ती वर्षभराच्या आसपासच चालली.

नट म्हणून त्याचा स्वतःचा काळ 1925 मध्ये सुरू झाला, ‘चार्लीज आंट’ या चित्रपटाने. स्त्रीवेष घेऊन मावशी बनणाऱ्या तरुणाची ही गोष्ट मराठी प्रेक्षकाला सांगावी लागत नाही, कारण ब्रँडन टॉमसच्या त्याच नाटकावरून आचार्य अत्रे यांनी ‘मोरूची मावशी’ लिहिले. पुस्तिकेत हा दुवा पहिल्याच पानावर येईल. आमच्या प्रेक्षकांना सिडपर्यंत पोहोचण्याचा हा रस्ता चार्लीच्या घरावरून जात नाही, याचा मला आनंद आहे.

20 जुलै 2025

चरित्रातला एक भाग लिहावा की न लिहावा यावर आज चर्चा झाली. 1929 मध्ये, सिड इंग्लंडमध्ये चित्रपट करत असताना, एका तरुण अभिनेत्रीने त्याच्यावर अमानुष लैंगिक हल्ल्याचा आरोप केला. प्रकरण न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटवण्यात आले, सिड देश सोडून गेला आणि त्याची नट म्हणून कारकीर्द तेथेच संपली. एका सभासदाचे म्हणणे होते की विनोदी चित्रपटाच्या पुस्तिकेत हे कशाला. मला वाटते की सिड विसरला का गेला या प्रश्नाचे उत्तर देताना फक्त भावाच्या सावलीचे कारण देणे खोटेपणाचे ठरेल आणि त्या मुलीवर अन्यायही होईल. परिच्छेद राहणार. त्यानंतरची बरीच वर्षे त्याने युरोपात काढली आणि 1965 मध्ये फ्रान्समधील नीस येथे तो वारला. ती तारीख होती 16 एप्रिल, चार्लीचा वाढदिवस.

2 ऑगस्ट 2025

चित्रपट आज सलग पाहिला, थांबवून पाट्या न तपासता, प्रेक्षक म्हणून. सर्वात रंगलेला प्रसंग अर्थात घोड्याचा आहे. बिल आणि आल्फ सैनिकांच्या करमणुकीच्या कार्यक्रमात कापडी घोडा झालेले असतात, एक पुढचे पाय आणि दुसरा मागचे. अचानक गाव जर्मनांच्या हाती जाते आणि या दोघांना घोड्याच्या पोटातून बाहेर पडण्याची सोय उरत नाही. मग शत्रूच्या फौजेतून घोडा म्हणूनच वाट काढायची. चार पायांचा एक प्राणी दोन माणसांची वेगवेगळी भीती घेऊन चालतो आणि प्रत्येक पावलाला ते दोन जीव वेगळे असल्याचे उघड होईल की काय, अशी धास्ती राहते.

येथे चार्लीच्या ‘शोल्डर आर्म्स’ची आठवण होणे अटळ आहे. ऑक्टोबर 1918 च्या त्या चित्रपटात चार्ली झाडाच्या बुंध्याचे सोंग घेऊन शत्रूच्या हद्दीत उभा राहतो. त्यात सिडही आहे आणि एका भूमिकेत तर तो चक्क जर्मन कैसर आहे. दोन्ही भावांनी महायुद्धात सोंग घेऊन लपण्याचा विनोद केला. पण फरक पाहावा. चार्लीचे झाड एकटे आहे, त्याचे सारे कौशल्य त्याच्या एकट्याच्या देहात आहे आणि आपण पाहतो ती चार्लीची चपळाई. सिडच्या घोड्यात दुसरा माणूस आहे. त्याला सोबत्याचे पाय सांभाळावे लागतात. सिड या चित्रपटात कोठेही ‘माझ्याकडे पाहा’ असे म्हणत नाही. मिशांच्या झुबक्याखाली त्याचे तोंड जवळजवळ दिसत नाही. उरतात ते डोळे, वाकलेले खांदे आणि ओझ्याखाली चालण्याची सवय झालेल्या माणसाची संथ चाल. तो चार्लीच्या तुलनेत कमी पडतो, असे मी आजवर वाचून मानत होतो. आज ते मत सोडले. त्याचा विनोद वेगळ्या वजनाचा आहे आणि तो हळू शिजतो.

पुढे बिल जर्मन गणवेशात आपल्याच लोकांच्या हाती सापडतो आणि हेर ठरवला जातो. घोडा असताना त्याला कोणी ओळखले नाही आणि माणूस झाल्यावरही कोणी ओळखत नाही. या भागातल्या दोन पाट्या मी फार बोलक्या केल्या होत्या; त्या छाटल्या.

9 ऑगस्ट 2025

फलकावरून वाद. मंडळातील बहुतेकांचे मत होते की वर मोठ्या अक्षरांत ‘चार्ली चॅप्लिनच्या भावाचा चित्रपट’ असे लिहावे, म्हणजे सभागृह भरेल. काकांनीही आधी तेच म्हटले. मी त्यांना विचारले, “काका, पलटणीत तुमच्या धाकट्या भावाला तुमच्याआधी बढती मिळाली असती आणि तुमच्या निरोपसमारंभाच्या फलकावर ‘अमक्याचा भाऊ’ असं लिहिलं असतं, तर?” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “आधी माझं नाव लिहा म्हणालो असतो. नातं खाली लिहायला हरकत नाही.” त्याप्रमाणे झाले. वर ‘बरा खड्डा’, त्याखाली ‘सिड चॅप्लिन’, मग ब्रूस बेर्न्सफादरचे नाव, आणि अगदी खाली, लहान अक्षरांत, चार्लीशी असलेले नाते.

23 ऑगस्ट 2025

खेळ झाला. शंभर खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांतल्या सत्तरेक भरल्या. ध्वनी शेवटपर्यंत चित्राबरोबर राहिला. घोड्याच्या प्रसंगाला लहान मुलांनी पुन्हा दाखवा म्हणून ओरडा केला. मेजरच्या शुद्ध मराठीवर दुसऱ्या-तिसऱ्या पाटीपासूनच मागच्या रांगांतून कुजबुज सुरू झाली. म्हणजे ती युक्ती लागू पडली, कदाचित जरा लवकरच. पुढच्या खेळाआधी त्याच्या पहिल्या दोन पाट्या थोड्या साध्या करायच्या आहेत.

काका पहिल्या रांगेत बसले होते. सुरुवातीला व्यंगचित्राची माहिती सांगताना मी त्यांचे वाक्य वाचले, तेव्हा सभागृह हसले. काका हसले नाहीत. खेळानंतर त्यांनी पुस्तिकेच्या तीन प्रती मागितल्या, गावाकडच्या दोन जुन्या सोबत्यांसाठी आणि एक स्वतःसाठी.

25 ऑगस्ट 2025

पाट्यांची अंतिम धारिका आणि 24 चौकटींची प्रत मंडळाच्या दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली. मेजरच्या दोन पाट्या बदलल्या. पुस्तिकेत ‘एक्समाउथ’च्या वाक्यात एक छपाईची चूक राहिली होती, ती पुढील छपाईसाठी दुरुस्त केली.